बोगद्यातली वाळू

"थांबा... तो झाडू खाली ठेवा आधी."

लाँड्रीवालीनं वळून पाहिलं. हायवेखालच्या बोगद्याच्या तोंडाशी एक पोरगा उभा. गळ्यात कॅमेरा, तोंड रडवेलं.

"का? तुमच्या बापाचा आहे बोगदा?"

"जनावरांचा आहे. वर गाड्यांखाली मरू नयेत म्हणून बांधलाय. पावलं उमटावीत म्हणून मी वाळू पसरतो. सहा दिवस झाले, एक ठसा नाही. मला वाटायचं वारा उडवतो... आणि इथं तुम्ही!"

तिचा चढलेला पारा झर्रकन उतरला. मावशीच्या लाँड्रीतले इस्त्रीचे कपडे पलीकडे पोचवायला ती रोज पहाटे इथूनच जायची. वाळूत स्कूटर घसरते म्हणून आधी झाडून घ्यायची.

"पावलं होती," ती हळूच म्हणाली. "कुत्र्याची असतील म्हणून... पुसली मी."

तो मटकन खालीच बसला. "उद्या शेवटचा दिवस. ठसा नाही मिळाला, तर हायवेचे साहेब बोगदा ट्रकना देणार. मग जनावरं पुन्हा वर... चाकांखाली."

संध्याकाळी ती न बोलवता आली. दोघांनी वाळू चाळली, पसरली. तिनं फळी फिरवून सपाट केली.

"इस्त्रीचा हात दिसतोय," तो म्हणाला. "एक सुरकुती नाही."

"तुमच्या शर्टाला दाखवा जरा. त्यानं इस्त्री बघितलीच नसेल जन्मात."

तो कानापर्यंत लाल झाला. तिला उगाच बरं वाटलं.

सकाळी तो आला, तर ती आधीच वाळूपाशी उकिडवी बसलेली. आणि वाळूभर रेघाच रेघा.

"पुन्हा झाडलंस?" रागात तो थेट 'तू'वर आला.

"डोळे आहेत की बटणं? खाली वाक."

तो वाकला. रेघांच्या मधे पावलं होती. साळिंदर काटे फरफटत गेलं होतं. आणि मागोमाग दोन चिमुकल्या माळा... पिल्लांच्या.

त्याचे डोळे भरून आले.

"फोटो काढ आधी. रड मग."

फोटो झाले. कॅमेरा बंद करताना तो घुटमळला. "बोगदा वाचला, पण... आता इथून फक्त जनावरंच जाणार. तुझा रस्ता गेला. तुला लांबच्या पुलावरून पाऊण तासाचा फेरा."

"माहितेय."

"रागावलीस?"

"हो." तिनं कपड्यांचं गाठोडं त्याच्या हातात कोंबलं, स्कूटर सुरू केली. "एकटीला कंटाळा येईल. बस मागं."

तो बसला. थोड्या वेळानं तिच्या कानाशी म्हणाला, "आजच... की रोज?"

ती आरशात बघून हसली. "विचार करते की. पाऊण तास आहे."