टाकीमागचा समुद्र

“अहो ताई, तुमच्यासारखा हात आहे का कुणाचा! तुम्हीच लावा ना!” चित्राची गुंडाळी पुढे करत भावजय म्हणाली, आणि तिच्या आवाजातला तो मध ताईच्या काळजात सुरीसारखा उतरला… कारण भावजयीनं आजवर कुणाला फुकट मध चाटवला नव्हता.

माशांची टाकी दिवाणखाना आणि ताईची खोली यांच्यामधल्या भिंतीत बसवलेली होती. भिंत फोडण्याची अक्कल बंधुराजांची. दिवाणखान्यातून मासे दिसत, आणि माशांपलीकडे, पाण्याआड, खाटेवर बसलेली ताईही दिसे. तिच्या खोलीला खिडकी नव्हती. दिवसाचा जो काही उजेड यायचा तो त्या पाण्यातूनच.

गेल्या रविवारी एका पाहुणीनं विचारलं होतं, “मागे त्या कोण?”

“त्या होय? कामाला असतात.”

टाकीच्या वरच्या फटीतून भावजयीचा शब्दन्‌शब्द ताईला ऐकू आला. त्याहून स्पष्ट ऐकू आलं ते भावाचं गप्प बसणं! ज्याच्या शिक्षणासाठी तिनं बावीस वर्षं दुकानांच्या काचांवर अक्षरं चिकटवली, स्वतःच्या लग्नाचा विषय काढू दिला नाही, तो तिचा प्राणप्रिय भाऊ त्या वेळी बिस्कीट चघळत होता. शिकलं की माणूस शहाणा होतो म्हणतात. हा नुसताच साहेब झाला होता.

आणि आज या साहेबाचेही साहेब सपत्नीक यायचे होते. म्हणून टाकीच्या पाठीला चित्र!

ताईनं गुंडाळी उलगडली. लालभडक पोवळी, निळा समुद्र. “अहो, हे गोड्या पाण्यातले मासे. यांना समुद्र कशाला? साधा काळा कागद आणला असता, तर निवांत राहिले असते.”

“माशांना काय कळतंय! पाहुण्यांना छान दिसलं म्हणजे झालं.”

“आणि माझ्या बाजूनं?”

“मागून पांढरंच असतं हो. कसं स्वच्छ!”

दारात मोबाइल चाळत उभे असलेले बंधुराज एवढंच बोलले, “चारपर्यंत होईल ना, ताई?”

होईल! का नाही होणार? ताईनं काच पुसली, साबणाचं पाणी शिंपडलं, चित्राची रंगीत बाजू काचेला टेकवली आणि प्लास्टिकची पट्टी मधून कडेकडे फिरवत एकेक बुडबुडा बाहेर काढला. वीतवीत करत खोलीतला उजेड मावळला… स्वतःच्या हातांनी स्वतःला पुसून टाकण्याचं कामही तिला वाईट करता येईना!

पाहुणे आले. साहेबांच्या बायकोनं टाकीपाशीच बैठक मारली. “अगंबाई! एकसुद्धा फुगा नाही! आमच्याकडचं चित्र नुसतं पापडासारखं फुगलंय. कुणी लावलं हो?”

“दुकानातला माणूस आला होता,” भावजय म्हणाली.

“मग त्याचा नंबर द्या ना!”

भावजयीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं टाकीकडे. रोज मासे खायला वर येत, तेव्हा पलीकडून ताई हसायची… आज तिथे छापील पोवळी होती. बंधुराजांनी हातातला कप खाली ठेवला. ते उठले.

ताईच्या खोलीत मिट्ट काळोख.

“ताई… दिवा का नाही लावलास?”

“कशाला? फटीतून उजेड दिसेल तुझ्या माणसांना. मग विचारतील, मागे कोण राहतं.”

एवढा मोठा साहेब, पण हुंदका आला तो लहान पोरासारखा! “ताई, मी नीच आहे गं…” म्हणत त्यांनी ते चित्र नखांनीच ओरबाडायला घेतलं.

ताईनं फाडकन हातावर मारली. “नखानं नको, गाढवा! चिंध्या होतील. वरचा कोपरा धर. हळू… जन्मभर शिकवलं, पण एक काम धड येईल तर शपथ!”

दिवाणखान्यात समुद्र वरून खाली सोलवटत आला. पोवळी दुमडली, निळाई घसरली, आणि माशांमागे ओल्या डोळ्यांचे दोन चेहरे उभे राहिले. साहेबांच्या बायकोचा कप ओठांपाशीच थांबला.

“ह्या… कोण?”

भावजयीनं तोंड उघडलं, पण त्यातून काहीच बाहेर पडलं नाही. त्या घरातलं हे पहिलंच नवल.

फटीतून आवाज आला, फाटलेला पण मोठा, “माझी ताई! चित्र हिनं लावलं… आणि मी जो काही आहे, तोही हिनंच घडवला!” मग हलकेच, “बाहेर चल ना, ताई. माझ्या शेजारी बस.”

“येते. थांब जरा.”

ताईनं फडकं घेतलं, काचेवरून ओघळणारं साबणाचं पाणी टिपलं. डोळ्यांतलं मात्र तसंच राहू दिलं.