हबशी शिपायाची जागा

विश्वास ठेवायचा का नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे खरंच घडलंय. कुरुंद्याजवळच्या एका तांड्यावर, गेल्या मार्चात, हळद शिजवायच्या दिवसांत. ज्याच्यासोबत घडलं तो पुनमचंद अजून त्याच घरात राहतो.

त्याच्या शेताच्या बांधावर, बाभळीखाली, दगडांचा एक ढीग होता.

तांड्यावर सगळे त्याला हबशी शिपायाची जागा म्हणायचे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आफ्रिकेतून काळे शिपाई आणले होते. लढायचं गोऱ्यांसाठी, पण डबे वेगळे, जेवण वेगळं, दवाखाना वेगळा. त्यांतला एक तापानं फणफणला. गोऱ्यांच्या डॉक्टरानं त्याला हात लावला नाही. रेल्वेच्या पटरीच्या कडंला उतरवलं आणि गाडी निघून गेली. पुनमचंदच्या आज्यानं त्याला खांद्यावर घरी आणलं. तो वाचला नाही. नावही कळलं नाही. आज्यानं त्याला आपल्याच शेतात माती दिली.

गेल्या मार्चात पुनमचंदला हळद वाळवायला सपाट जागा हवी होती. त्यानं जेसीबी लावला.

दगड हलले. खालून हाडं निघाली... आणि पितळेचं एक बटन.

त्याची बायको रूपाबाई हात जोडून उभी राहिली. "अवं, सांभाळून उचला त्याला. पलीकडच्या बांधाला नीट पुरा."

"व्हय, करतो. तू जा घरी."

ती गेली. ऊन चटकत होतं. ड्रायव्हर घाई करून राहिला होता. पुनमचंदनं नुसता हात हलवला... आणि हाडांसकट सगळी माती टिपरात पडली. टिपर नव्या रस्त्याच्या भरावाला गेलं.

घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, "ठेवलं नीट."

पुढच्या आठवड्यात हळदीची कढई चढली. दिवस मावळतीला आला होता. चुलवाण धडधडत होतं, वाफेनं शेत भरलं होतं. मजूर हसतबोलत होते.

आणि एकाएकी पाखरं गप्प झाली...

करर्र... करर्र...

बुटांचा आवाज. खडीवरून कुणी चालत यावं तसा.

शेतात खडी नव्हतीच.

वाफेपल्याड एक माणूस उभा होता. उंच, काळा. मजुरांपासून लांब, एकटाच. जवळ यायची परवानगी नसल्यासारखा.

रूपाबाईला वाटलं, कुणी वाटसरू असंल. "काहून तिथं थांबला, भाऊ? ये की!"

तो आला नाही. त्यानं ओंजळ पुढं केली.

ती तांब्या घेऊन गेली. वरून पाणी ओतलं. तांब्या रिकामा झाला...

खाली माती कोरडीच होती.

त्यानं बाभळीकडं बोट केलं. मग रिकामे हात पसरले. काहीतरी विचारत होता. भाषा कळत नव्हती.

"काय मागून राहिला हो हा?" रूपाबाईनं वळून विचारलं.

पुनमचंदला कळलं होतं. त्याची मान वर होईना.

"रूपा... म्या त्याला पुरलं न्हाई. मातीसंगं रस्त्यात टाकलं."

रूपाबाई झटकन मागं वळली. तिनं परत पाहिलं... तिथं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुनमचंद फावडं घेऊन रस्त्यावर धावला. वर डांबर पडलं होतं. रोलर फिरून गेला होता. कुठं खणायचं?

त्यानं तिथं नारळ फोडला, नाक घासलं, बाभळीखाली दगड परत रचले.

पण खाली काय होतं? नुसती जागा.

तेव्हापासून दिवेलागणीला ओट्यावर बूट वाजतात. दारापाशी थांबतात. आत येत नाहीत.

रूपाबाई रोज ओट्यावर एक घोंगडी टाकते. सकाळी तिची चौकोनी घडी असते. काठाला काठ, फौजेतल्यासारखी.

पुनमचंद म्हणतो, "त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो काहीच करत न्हाई."

आणि एक गोष्ट तो सहसा कुणाला सांगत नाही...

ओट्यावर त्यांचं म्हातारं कुत्रं झोपतं. परक्याचा वारा सहन न करणारं. बूट वाजले की ते भुंकत नाही. डोळे उघडतं...

आणि सरकून जागा देतं.