पट्ट्याचा वळ

कांचन उत्तराकडे दोन मैल चालत आली. अमेरिकेतल्या कॅरीसारख्या गावात लोक दूध आणायलाही गाडी काढतात, त्यामुळे मोहन चक्रावलाच.

"गाडीत बसवतच नाही," ती म्हणाली. खुर्चीतही तिला धड बसवत नव्हतं. डावा हात गळ्यातल्या झोळीत होता, आणि झोळीचा पट्टा टोचू नये म्हणून उजव्या खांद्यावर रुमाल. दर दोन मिनिटांनी ती तो सारखा करी.

उत्तरा वकिलांसाठी अपघाताच्या दाव्यांची चौकशी करायची. मोहन तिचा धाकटा दीर, नागपूरहून नुकताच आलेला. नोकरी मिळेपर्यंत वहिनीच्या मागे मागे हिंडत होता.

"आठवडा झाला. नाटकाच्या तालमीहून गुरुदत्तकाका मला घरी सोडत होते," कांचन सांगू लागली. "गाडी झाडावर आदळली. माझ्या डोक्याला लागलं, काहीच आठवत नाही. काका म्हणतात, ड्राइव्ह मीच करत होते. माझं लर्नर्स परमिट आहे, प्रॅक्टिसचा हट्ट केला म्हणे. चूक ड्रायव्हरची, म्हणजे माझीच, म्हणून इन्शुरन्सवाल्यांनी भरपाई नाकारली. मनगटाचं ऑपरेशन या महिन्यात झालं नाही, तर बोटं वळणार नाहीत. युनिव्हर्सिटीतलं लॅबचं काम संपलंच माझं! आणि काकांचं काही बरंवाईट झालं असतं तर?"

"खांद्याला काय झालंय?"

कांचनने कॉलर सरकवली. उजव्या खांद्यापासून छातीवर तिरका उतरलेला काळानिळा वळ होता.

सीटबेल्टचा वळ, हे मोहनलाही कळलं. त्याने मनातल्या मनात स्वतःला स्टिअरिंगमागे बसवून पाहिलं. पट्टा उजव्याच खांद्यावर आला. म्हणजे बिचारीच चालवत होती! त्याला वाईट वाटलं.

तो बाहेर येऊन गाडीचं दार उघडू लागला.

"भाऊजी, पुन्हा?" उत्तरा म्हणाली. "ते दार माझं. गाडी मी चालवणार आहे."

गुरुदत्तकाका गावातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे. स्वतःच्या घरी दोघांशी बोलताना ते सारखे घड्याळ बघत होते.

"पोरीने ऐकलंच नाही. मी शेजारी बसलो."

"पट्टे लावले होते?"

"दोघांनीही. कायदाच आहे इथे."

वसुधाकाकू चहा घेऊन आल्या. "यांनाही काही कमी लागलं नाही हो. रात्री डाव्या कुशीवर वळले की कण्हतात."

"वसुधा, साखर आण!" काका खेकसले. साखर समोरच होती.

दुसऱ्या दिवशी उत्तराने कांचनला काकांच्या घरी बोलावलं. कांचन चालतच आली. दारात उत्तराची गाडी उभी होती; मोहन, काका आणि काकू गाडीजवळच होते. उत्तराने पुढचं उजवं दार उघडलं.

"बस. गाडी हलणार नाही."

कांचन दाराची कड धरून आत बसली. उत्तराने हलक्या हाताने पट्टा ओढून लावला. तो बरोबर वळावर आला.

"अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, शेजारच्याचा उजव्या," उत्तरा म्हणाली. "पट्टे दोघांनी लावले, हे काकांनीच सांगितलं. कांचनचा दुखतो उजवा खांदा, काकांची डावी कूस. भाऊजी, तुमच्या मनात अजून नागपूरची गाडी आहे. तिथे हा वळ ड्रायव्हरचा ठरला असता."

मोहनने उजव्या खांद्यावरचा हात डाव्या खांद्यावर नेऊन पाहिला.

"दंडाची दोन तिकिटं आधीच होती," काका पुटपुटले. "लायसन्स गेलं असतं. वाटलं, स्टुडंट आहे, तिचं काय एवढं जाणार?"

"हात जाणार होता तिचा!" वसुधाकाकू म्हणाल्या. "कांचन, वकिलाकडे मी येते तुझ्याबरोबर. हे कुठल्या कुशीवर कण्हतात, ते माझ्याशिवाय कोण सांगणार?"

कांचनला त्यातलं काहीच ऐकू गेलं नसावं.

"म्हणजे मी नाही ठोकली?" तिने विचारलं, आणि ती ढसाढसा रडू लागली. पट्टा वळावर रुतत होता, तरी तिने तो काढला नाही.

"उत्तराताई," डोळे पुसत ती म्हणाली, "मला गाडीने घरी सोडाल?"

उत्तराने किल्ली काढली. मोहन न सांगता मागच्या सीटवर जाऊन बसला.