धवळ्यांतला नवरदेव

जातं आधी की उखळ आधी, यावर गिरजेचं घोडं अडलं होतं. आणि अडलं होतं तेही मुरबाडच्या वाटेवर, एका बैलगाडीच्या अगदी पुढ्यात.

"सरक की गो बाजूला! बैलांना गाणं शिकवतेस काय?" गाडीवरचा गडी ओरडला.

गिरजा दचकून कडेला झाली. पौषातली सकाळ, गवतावर अजून दव होतं. गडी हसत होता. पण तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. हा पलीकडच्या वाडीतला महिपत. भात घेऊन दर बाजाराला मुरबाडला जायचा आणि येताना शेजारपाजारच्या वाड्यांचं सामान आणायचा.

"रडाया काय झालं?"

"काय नाय... गाणी इसरतात."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ती. सन अडतीसच्या सुमाराला सिद्धगडाखालच्या कुणब्यांच्या वाड्यांत भटजीवाचून लग्न अडत नसे, धवळारणीवाचून अडे. मांडव, उखळ, जातं, हळद – प्रत्येक विधीचं गाणं वेगळं. त्या गाण्यांना धवळे म्हणायचं आणि ती गाणारी ती धवळारीण. क्रम चुकला की अपशकुन झालाच म्हणून समजा! गिरजेची आत्या सकुबाई हे धवळे गायची, पण आता तिचा गळा बसला होता. गिरजेचा गळा गोड. फक्त एका धवळ्याचं शेपूट दुसऱ्याला लागायचं. माघात कोंडूच्या लेकीचं लग्न होतं. तिथं ती चुकली, तर मान खालच्या आळीतल्या देवकीकडे जाणार होता.

आणि गिरजेला तो मान हवा होता. परकर नेसायच्या वयात तिचं लग्न झालं आणि त्याच वयात ती विधवा झाली. तेव्हापासून ती भावाच्या घरी होती. शुभकार्याच्या दारात तिला कोणी उभं करत नसे. धवळारीण मात्र विधवा असली तरी तिला मांडवात मानाची जागा. त्या जागेवाचून गिरजेच्या वाट्याला दुसरं होतंच काय?

"मला लिवता येत नाय," महिपत म्हणाला, "पन कुनाचं सामान इसरलो, असं कोन बोलंल? हे बघ. गुणाबाईच्या बांगड्या या ढवळ्याच्या शिंगांत घातल्यात. जुवावर अनंताचं तेल सांडलंय. आन् हिराबाईची कांबळ चाकानं पांघरलीय... थंडी वाजतीय त्याला."

गिरजेनं शिंगांकडे बघितलं. शिंगं मोकळीच होती. "कुठं हायत बांगड्या?"

"डोळ्यांनी बघतेस व्हय? मनात बघ! आन् साधंसुधं ठेवलं तर इसरतं. हसाया येईल असं ठेवायचं. मंग बाजारात नुसती गाडी बघायची, बैलापासून चाकापत्तर. समदं आठवतं."

"माझ्याकडं कुठाय गाडी?"

"घर हाय ना?"

घर होतं. गिरजेनं त्या घरात धवळे बसवायला घेतले. अंगणात मांडव. उंबऱ्यात उखळ, ते आत यायला वाट मागतंय. चुलीवर जातं, आणि त्यातून भाकऱ्याच भाकऱ्या पडतायत. हळद काही केल्या बसेना, म्हणून तिनं भावजयीला, बाईजेला, नखशिखांत पिवळी केली, आणि तिला असं हसू फुटलं की बाईजा खेकसली, "दात काढाया काय झालं गो?"

एकच अडचण उरली. पुढच्या बाजाराला गाडी दिसताच तिनं ती सांगून टाकली.

"समदं बसलं रे. नवरदेव तेवढा बसत नाय."

"तुज्या लग्नातला बसव की..." महिपत बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"त्याचं तोंडच आठवत नाय," गिरजा सरळपणे म्हणाली. "नुसत्या मुंडावळ्या दिसतात."

गाडी पुढे निघाली, तशी तीही बाजूनं चालू लागली.

"मंग वळखीचा कुनी बसव," महिपत हळूच म्हणाला.

"वळखीचा कोन?"

"मला काय ठावं!" त्यानं उगाच कासरा ओढला. त्याचे कान लाल झाले होते. गिरजेनं ते बघितलं, आणि बघितलं ते बघितलंच... दिवेलागणीला ती धवळे म्हणायला बसली, तर मांडवातल्या नवरदेवाचे कान लाल! तिनं घाबरून त्याला उठवायचा प्रयत्न केला. तो उठला, तशी हळदही गेली आणि अंतरपाटही गेला. शेवटी तिनं त्याला मुकाट्यानं परत बसवलं.

त्यानंतर दर बाजाराला ती गाडीच्या बाजूनं चालत गायची. तो बैल हळू हाकायचा. "दमल्यात बिचारे," म्हणायचा. बैल तर आत्ताच गोठ्यातून निघालेले असायचे! तिला ते कळत होतं, आणि आपल्याला कळतंय हे त्याला कळू नये म्हणून ती दुसरीकडे बघायची.

कोंडूच्या लेकीच्या लग्नात ती डोळे मिटून गायली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. सकुबाई पदरानं डोळे पुसत राहिली. लग्न आटोपल्यावर मांडवाच्या मेढीशी महिपतनं तिला गाठलं.

"नवरदेव कोन केला व्हतास?"

"नाय सांगत."

फाल्गुनात बाईजा पाण्याहून आली ती बातमी घेऊनच. "महिपतचं लगीन ठरलं म्हनं. आता तुलाच बोलावतील गायला!"

गिरजेनं हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. एवढंसं घर, पण आता त्यात कुठं बघावं हे तिला कळेना. अंगणात तो, उंबऱ्यात तो, चुलीपाशी तो. त्याला बाहेर काढावा तर धवळे जातात. ठेवावा तर दुसरीचा नवरा घरात ठेवावा लागतो. विधवेनं हे असलं मनात आणावं? ती स्वतःवरच चिडली, आणि मग तोंडात पदर कोंबून खूप रडली.

दुसऱ्या दिवशी महिपत तांदूळ-सुपारी घेऊन दारात आला. धवळारणीला तसंच आवतण देतात.

"माज्या लग्नाला गायला ये, गिरजा."

"देवकीला सांग."

"का? तू तर चुकत नाय."

"तुज्या लग्नात चुकन." ती खाली बघून बोलत होती. "माज्या समद्या धवळ्यांत नवरदेव तूच हायस. डोळं मिटलं की तूच दिसतोस. आता मी तुला दुसरीच्या शेजारी बसवून गाऊ? मला नाय जमायचं रे... जा तू."

बोलायचं ते बोलून झालं होतं. ती आत वळली.

"नवरीचं नाव तरी इचार," मागून तो म्हणाला.

"कोन?"

"रुई."

गिरजा थांबली. रुईचं झुडूप! बिनलग्नाच्या गड्यानं विधवेशी म्होतूर लावायचं, म्हणजे दुसरा घरोबा करायचा, तर आधी त्याचं पहिलं लग्न रुईशी लावतात. लहान पोरालाही ठाऊक असलेली रीत ती.

"बा लई दिस बोलत नव्हता माज्याशी," महिपत म्हणाला. "काल बोलला. तुज्या भावालाबी इचारलंय. आता फकस्त तुला इचारायचं ऱ्हायलंय."

गिरजेनं पुढे होऊन त्याच्या हातातली सुपारी घेतली आणि ती मूठ कितीतरी वेळ उघडली नाही.

चैत्रात, शेताच्या बांधावर, महिपतचं रुईशी लग्न लागलं. मुंडावळ्या बांधून तो झुडपाशेजारी बसला आणि गिरजा गायला लागली. मांडव झाला, उखळ झालं, जातं झालं... आणि ती अडखळली. आज डोळे मिटवतच नव्हते. नवरदेव खराखुरा समोर होता. घर, चूल, पिवळी बाईजा सगळं पुसून गेलं होतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सकुबाई सांगू बघत होती, पण तिच्या बसलेल्या गळ्यातून शब्द निघेना.

"हळद गो... आता हळद," नवरदेवच पुटपुटला.

हशा पिकला. कुणालाही तो अपशकुन वाटला नाही. गिरजा लाजली, हसली, आणि भरल्या डोळ्यांनी तिनं हळद गायला घेतली.

त्याच दिवशी दिवेलागणीला म्होतूर लागलं. म्होतुराला वाजंत्री नसते, धवळे नसतात. चार माणसांत तिच्या हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. "तुज्या लग्नाला गानी नाय झाली," महिपत हळहळला.

"झाली की सकाळी," गिरजा म्हणाली. "नवरीनंच गायली."