रेघेपुढची जागा

पूर्वा, खिडकी लाव, धुकं आत येतंय. संकेत, तू विचारलंस ना, आत्माराम गजभियेनं मुदतीआधी नोकरी का सोडली? हे त्यानं मला स्वतः सांगितलंय, याच तेलीबागेतल्या खोलीत बसून.

भंडाऱ्याचा माणूस, नोकरीसाठी इकडे उत्तरेत आलेला. जानकीपुरमकडच्या एका संस्थेत ग्रंथपाल. बारा संशोधन संस्थांच्या ग्रंथालयांची मिळून एकच ऑनलाइन यादी आहे. एकानं नोंद बदलली की बाराही ठिकाणी बदलते, आणि बदलणाऱ्याचं नाव नि वेळ खाली उमटते. त्यात लेखकाच्या नावापुढे जन्मसाल, मग आडवी रेघ. माणूस जिवंत असेल तर रेघेपुढची जागा मोकळी.

सोळा जानेवारी, दोन हजार पंचवीस. गुरुवार. संध्याकाळचे साडेसहा. बाहेरगावच्या कुणीतरी एक जुना प्रबंध मागितला होता, म्हणून आत्मारामनं यादी उघडली. लेखक माणिक रामटेके. तिथलेच निवृत्त शास्त्रज्ञ, गोमती नगरात एकटे राहायचे. आत्मारामला नोकरीत सांभाळून घेतलेलं त्यांनीच.

नावापुढे होतं, १९४६–२०२५.

बदल करणारी, सुहासिनी. नोंदी करणाऱ्या सुहासिनीताईंना वारून दोन वर्षं झाली होती. त्यांचं लॉगिन आत्मारामनंच बंद केलेलं.

त्यानं सरांना फोन लावला. सरांनीच उचलला, आवाज खणखणीत. एवढ्या थंडीत ऑफिसात काय करतोस, चहाला ये, म्हणाले. याच्या जिवात जीव आला. त्यानं ते साल पुसलं. पान परत उघडलं.

साल होतं.

पुन्हा पुसलं. पुन्हा आलं. या वेळी त्यानं खालची वेळ वाचली. आठ वाजून दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजायला दहा कमी होते.

स्कूटर काढली. धुक्यात हात दिसत नव्हता. पोचला तेव्हा आठला पाच कमी. दार सरांनीच उघडलं. हा म्हणाला, डॉक्टरकडे चला. ते हसले, मला काय धाड भरलीय? चहा टाकायला उठले, तर यानं हात धरून खाली बसवलं. हात सोडलाच नाही.

आठ. आठ पाच. सर मुलीच्या गोष्टी सांगत होते...

मधेच थांबले. याच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. ओळखीचं हसले.

"या ना... बसा."

आत्मारामनं मागे पाहिलं. दार बंद होतं. कुणी नव्हतं.

वळला... तर सरांची मान...

हात अजून गरम होता.

...

चार दिवसांनी त्यानं गोदामाचं कुलूप काढलं. सुहासिनीताईंचा कॉम्प्युटर तिथे ठेवलेला. दोन वर्षं वायरसुद्धा जोडलेली नाही. वरचं कापड त्यानं ओढलं. कीबोर्डवर धुळीचा थर होता. फक्त आकड्यांतली चार बटणं लख्ख पुसलेली.

दोन. शून्य. पाच.

आणि सात. सत्तावीस साल तर अजून उजाडायचंय.