चादरीच्या पुढची बाई

तुम्ही खोदून खोदून विचारताय म्हणून सांगतो. एरवी मी हा विषय काढत नाही, कारण लोक आधी माझ्याकडे संशयाने बघतात आणि मग चहा मागवतात.

माझा धंदा साधा आहे. लोकांची प्रेझेंटेशनं बनवून देतो. डॉक्टर असो, वकील असो, सगळ्यांना हौस एकच. मागे भलामोठा फोटो हवा आणि त्यावर अक्षरं. मग अक्षरं वाचता येत नाहीत आणि मला फोन येतो. त्यावर उपाय असा, की फोटो आणि अक्षरं यांच्या मधे एक पांढरा, अर्धवट पारदर्शक चौकोन सरकवायचा. मी त्याला चादर म्हणतो. चादर टाकली की फोटो फिका होऊन मागे सरतो आणि अक्षरं उठून दिसतात. बावीस वर्षं मी चादरी टाकतोय, कधी दगा झाला नव्हता.

त्या दिवशीचं काम घरचंच होतं. माझी ताई एका जुन्या हॉस्पिटलात मेट्रन. दुपारी चार वाजता विश्वस्तांची बैठक होती आणि तिथे तिला एकच मागणी मांडायची होती. ऑपरेशन चालू असताना बाहेर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांना दर तासाला आतली खबर सांगायला एक माणूस नेमा, एवढीच. विश्वस्त तीन वर्षं तिला ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणत होते. महिनाअखेर ती निवृत्त होणार होती, त्यामुळे आता पुढची वेळ उरली नव्हती.

अकराच्या सुमारास मी तिच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो. फिनेलचा वास येत होता. दाराबाहेरून मधूनच एखादी ट्रॉली कुरकुरत जायची. ताईने स्वतः मोबाइलवर काढलेला फोटो मला दिला होता. ऑपरेशन थिएटरबाहेरचा लांबलचक व्हरांडा, भिंतीला लागून तीन बाक, टोकाला बंद दार. बाक रिकामे होते. ते मी नीट बघितलं होतं, कारण फोटोत माणसं असली की मला जास्त काम पडतं.

मी चादर टाकली. भिंत फिकी झाली, दार फिकं झालं. आणि शेवटच्या बाकावर एक बाई दिसली. मांडीवर कापडी पिशवी, डोक्यावर पदर, नजर बंद दाराकडे.

मी चादर काढली, बाक रिकामा. परत टाकली, बाई हजर.

खरं सांगतो, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. उलट मजाच वाटली. कुतूहल हा माझा जुना रोग आहे. म्हटलं, बघू तरी ही कशी फिकी होत नाही ते. दुसरी चादर टाकली. सगळा व्हरांडा दुधासारखा पांढरा झाला, पण बाई मधल्या बाकावर आली होती, आणि आता दाराकडे नाही, माझ्याकडे बघत होती. तिसरी टाकली. आता ती उभी होती, अक्षरांच्याही पुढे. ‘दर तासाला खबर’ ही ओळ तिच्या पदराआड गेली होती. तेव्हा मात्र मी माउसवरचा हात काढून घेतला.

मी ताईला हाक मारली. ती आली, चष्मा लावून वाकली, आणि खुर्चीचा हात घट्ट धरून तशीच राहिली.

“छोट्या… ही इथे कशी?”

माझे केस पिकले तरी तिच्यासाठी मी छोट्याच. मग ती हळूहळू सांगत गेली. एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. या बाईचा मुलगा आत होता. संध्याकाळी सहाला तो गेला. बाहेर जाऊन सांगायचं काम ताईचं होतं, पण तिची ड्यूटी संपली होती. तिला वाटलं, पुढची नर्स सांगेल. पुढच्या नर्सला वाटलं, हिने सांगितलंच असेल. सकाळी झाडूवाल्याने बघितलं तेव्हा बाई बाकावर तशीच बसलेली होती, पिशवी मांडीवर. अंगात जीव नव्हता.

“तिला कोणी सांगितलंच नाही रे,” ताई म्हणाली. “मी बस पकडली…”

तिचे डोळे भरून आले. मला तिची इतकी दया आली की काय करावं कळेना. एवढी वर्षं ती जिवाचा आटापिटा कशासाठी करत होती, ते मला त्या दिवशी कळलं.

मग ती लॅपटॉपच्या पडद्यासमोर सरळ उभी राहिली, पेशंटच्या नातेवाइकांसमोर उभी राहते तशी.

“बाई, तुमचा मुलगा त्या दिवशी सहा वाजता गेला. त्याला शुद्ध नव्हती, दुखलं नाही. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही… माझं चुकलं.”

मग बाईने पदराने तोंड पुसलं आणि ती फिकी होत गेली, आधी पिशवी, मग पदर. ओळ पुन्हा स्वच्छ वाचता येऊ लागली. आम्ही दोघं भाऊ-बहीण तिथेच बसून लहान मुलांसारखे रडलो.

चार वाजता बैठक सुरू झाली. पाच विश्वस्त, खिडक्या अर्ध्या झाकलेल्या, समोर प्रोजेक्टरचा पडदा. लॅपटॉपवर मी. पहिल्या दोन स्लाइड छान गेल्या, ताईचा आवाज मोकळा होता. तिसरी व्हरांड्याची.

तिन्ही बाक गच्च भरले होते. भिंतीला टेकून माणसं उभी होती, जमिनीवर बसली होती. म्हातारे, बाया, कडेवर मूल घेतलेला एक बाप. सगळे ताईकडे बघत होते.

“मागचा फोटो जरा फिका करा हो,” अध्यक्ष म्हणाले. “एवढी गर्दी… काही वाचता येत नाही.”

मी चादर पूर्ण पांढरी केली. भिंत गेली, दार गेलं, बाक गेले. माणसं राहिली.

ताईने हातातले कागद टेबलावर ठेवले, पडद्याजवळ गेली आणि सगळ्यात पुढच्या म्हाताऱ्यासमोर वाकून हळूच विचारलं,

“आजोबा, तुमचं कोण आहे आत?”