शिवेबाहेर गेलेला वाघदेव

"एक डोळा देऊन शहाणपण घेतलं? असा कुठं देव असतो!" लहान्या ओरडला.

"बर्फाच्या देशात खरंच ही गोष्ट सांगतात," दिपेश म्हणाला. "आणि हा कोल्हेतोंड्या इजिप्तचा. खेळ बनवणाऱ्यांनी जगभरातून देव गोळा केलेत!"

दिपेश जव्हारचा. सुट्टीत तो पोशेऱ्याजवळच्या पाड्यावर, लहान्याच्या शेजारच्या जगनमामाकडे आला होता, आणि येताना नवा खेळ घेऊन आला होता. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातले वीर व्हायचं आणि अडलं की फासे टाकायचे. गोष्ट सांगायचं काम अर्थातच लहान्याच्या मोठ्या बहिणीकडे, चिमीकडे. ती बोलायला लागली की तिला थांबवायची कुणाची छाती नव्हती!

"यात आपली धान्याची देवी कणसरी नाय, शिवेवरचा वाघदेव नाय!" चिमी फुरंगटली. "आपणच घालू या!"

फासे मात्र चिमीच्या तुका आजाने सकाळीच जप्त केले होते. "फासे म्हंजे जुगार!" असं म्हणून त्याने ते कनवटीला लावले. म्हणून पोरांनी दगडावर चिंचोके घासून त्यांचे फासे केले होते.

इतक्यात आजाची हाक आली. "पोरांनू, वाघदेवाचं तोंड कुठंय?"

सगळे घरात धावले. भिंतीवर मुखवट्यांची रांग होती आणि मधली खुंटी रिकामी! आज रात्री बोहाडा. देवांचे मुखवटे घालून सोंगं नाचणार, आणि त्यातलं वाघदेवाचं सोंग चिमीच्या घराचं. त्यासाठी तिचा बाप भिवंडीचं काम सोडून आला होता. मुखवटा नाही तर सोंग नाही! बापाचा चेहरा पडला.

"वरच्या पाड्यावाल्यांचंच काम! त्यांना आपलं सोंग बघवत नाय!" कुणीतरी म्हणालं. झालं! मोठी माणसं काठ्या घेऊन तरातरा निघाली. विचारपूस नाही, शोधाशोध नाही!

चिमी मात्र खाली वाकली. सारवलेल्या भुईवर पिवळा रंग लागला होता. मुखवटा कालच रंगवला होता.

"कोणीतरी तो भुईवर ठेवला!" ती म्हणाली. "वरच्या पाड्यावरचं शेंबडं पोरपण देवाचं तोंड भुईला टेकवणार नाय. सुपात ठेवील. हा बाहेरचा माणूस!"

"निनादकाका!" लहान्या आणि दिपेश एकदम ओरडले. मुंबईचा हा चित्रकार जगनमामाकडे उतरला होता. एका नव्या खेळासाठी तो मुखवट्यांची चित्रं काढायचा.

पोरं शेजारी पळाली, तर जगनमामा ओट्यावर नखं कुरतडत बसला होता. "मीच दिला रे," तो पुटपुटला. "पाहुण्याला नाय कसं म्हनू? वाटलं, एवढे टांगलेत, एक गेला तर काय! त्यानं वाघदेवच उचलला ते मागनं कळलं. आता फाट्यावर चहा पिऊन निघंल तो. आजाला नका सांगू!"

"आधी मुखवटा, मग तुझं बघते!" चिमी म्हणाली आणि ओहोळाच्या वाटेने धावत सुटली. लहान्या आणि दिपेशही मागे धावले; लहान्याने जाताना सूप उचललं.

फाट्यावर निनादकाका गाडीत बसतच होता. चिमी वाटेत आडवी उभी राहिली. "आमचा वाघदेव द्या!"

"अगं, जगनरावांनी दिलाय मला! माझ्या खेळातला राक्षस करणार आहे मी त्याचा."

राक्षस! चिमी रागाने लालबुंद झाली. मग तिने मूठ उघडली. आत चिंचोके होते.

"एक डाव खेळा. जिंकलात तर खुशाल न्या."

काका हसून खाली बसला. खेळ म्हटल्यावर त्याला राहवेना!

"तुम्ही प्रवासी आहात," चिमीने सुरुवात केली. "पाड्याने तुम्हाला भाकरी दिली. तुम्ही वाघदेवाचं तोंड घेऊन निघालात आणि शिवेवर आलात."

"आणि राक्षस झेप घेतो!"

"नाय. वाघदेव राखण करतो, झेप घेत नाय. मागं बघा. गुराखी गुरं घेऊन माघारी फिरलेत, कारण शिवेवर राखायला कोणी नाय. दोन पाडे काठ्या घेऊन भांडतायत. आणि ज्याने आज ते तोंड घालून नाचायचं, तो रिकाम्या हातांनी उभा आहे. कोण आहे तो, सांगू?"

"कोण?"

"माझा बापूस." चिमीने चिंचोके त्याच्या हातावर ठेवले. "टाका फासे. किती पडले तर तुम्ही जिंकाल?"

निनादकाकाने चिंचोके हातात खुळखुळवले. मग न टाकताच ते तिच्या ओंजळीत परत ठेवले.

"हरलो," तो हळूच म्हणाला. "बोहाडा कधी आहे, हेही मी विचारलं नाही!"

त्याने डिकी उघडली. लहान्याने सूप पुढे केलं.

दिपेश पुढे धावला. "मुखवटा मिळाला! काठ्या खाली टाका!" वरच्या पाड्यावर ऐन भांडणाच्या तोंडावर हाक पोचली. खाली मान घालून परतताना मोठ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते! जगनमामाने तर स्वतःच कान पकडले.

दिवस मावळताना बापाने मुखवटा बांधला. निनादकाका पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता. त्याच्या वहीतला राक्षस खोडलेला होता आणि शेजारी लिहिलं होतं: 'वाघदेव, शिवेचा राखणदार.'

"आम्ही मोठे काठ्या घेऊन पळलो, पोरीनं भुई बघितली," तुका आजा सगळ्यांसमोर म्हणाला. "शाबास गं माझे बाय! तुम्ही पन, पोरांनू!"

मग त्याने कनवटीतून फासे काढून चिमीच्या हातावर ठेवले आणि शेजारी फतकल मारली.

"आता सांग, तुज्या खेळात म्हाताऱ्याला कोन होता येतं?"